पाय पिकू देत

मोहोळकर बाई पहिल्या दिवशी कुणालाच नाचू देत नसत. मी आठ वर्षांची होते. अम्मानं वेणीत अबोलीचा गजरा माळून पाठवलं होतं आणि मला वाटत होतं, आज निदान एक गिरकी तरी शिकवतील. बाईंनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं, भिंतीला पाठ टेकून पेटी पुढ्यात ओढली आणि एक छोटीशी सुरावट वाजवायला लागल्या. ती संपली की पुन्हा तीच, पुन्हा तीच. थोड्या वेळानं माझा उजवा पाय आपोआप फरशीवर पडायला लागला, मग डावाही. बाई उठल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवून त्यांनी माझे पाय थांबवले आणि म्हणाल्या, "यांना कुठली गाडी गाठायचीय? आधी सूर ऐक की. सूर कानात बसला, की मग पाय उचलायचा." एवढं बोलून पुन्हा पेटीवर जाऊन बसल्या. तो सबंध तास मी नुसती उभी होते.

घरी आल्यावर अम्मानं विचारलं, काय शिकवलं? मी म्हटलं, उभं राहायला. अम्मा विड्या वळत होती. हातातलं काम न थांबवता तिनं माझ्या वडिलांना तेलुगूत सांगितलं, की उभं राहायला तर ही पहिल्या वाढदिवसाच्या आधीच शिकली होती. वडील कारखान्यातून दमून आलेले. ते फक्त हसले.

त्या सुरावटीला कथकमध्ये लेहरा म्हणतात. सोळा मात्रांचं एक चक्र, गोल गोल फिरत राहणारं. तबला हवा तसा खेळतो, नाचणारी हवी तशी भटकते, पण लेहरा जागचा हलत नाही. त्याच्या पहिल्या मात्रेला, समेला, सगळ्यांनी परत यायचं. बाई म्हणायच्या, "बाहेर कितीही हिंडा गं, पण समेला दारात हजर पाहिजे." आणि कुणी मनातल्या मनात मात्रा मोजताना दिसली, ओठ हलताना दिसले, की त्यांचा पारा चढायचा. "मोजतेस काय? मंडईत आलीयेस का? सुराला माहीत असतं आपण कुठं आहोत ते. त्याच्यासोबत राहा, सम आपणहून येईल." हे त्यांचं खरं होतं. आजही मी मात्रा मोजत नाही. लेहरा चालू असला की सम कधी येणार हे मला पोटात कळतं. बाईंनी दिलेल्या गोष्टींपैकी एकही खोटी नव्हती, हीच माझी अडचण आहे.

बाई मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. साखर पेठेत दोन खोल्यांचं घर, त्यातल्या मोठ्या खोलीत क्लास. अंगानं किडकिडीत, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी, आणि उन्हाळा असो की थंडी, पेटीवर बसताना मांडीवर एक शाल. घराच्या मागच्या अंगाला टॉवेलचा कारखाना होता. सकाळपासून त्याचे माग खडाखड चालू असायचे. क्लास सुरू करण्याआधी बाई त्या बाजूच्या खिडक्या एकेक करून लावून घ्यायच्या. सोलापूरच्या मे महिन्यात खिडक्या लावून नाचणं काय असतं, ते नाचणाऱ्यालाच विचारा. पण बाईंपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. "त्या आवाजाला लय म्हणत नाहीत," त्या सांगायच्या. "तो नुसता वेग. द्रुत काय, मागालासुद्धा येतं." मुली हसायच्या. मीही हसायचे. माझे वडील पूर्व भागातल्या अशाच एका कारखान्यात माग चालवायचे आणि हे बाईंना माहीत होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उलट आपण मागवाल्यांपेक्षा काहीतरी वेगळं शिकतोय म्हणून कॉलर ताठच झाली. लहानपणी माणूस कशानंही फुगतं.

बाईंचा सगळा जीव विलंबितात होता. विलंबित म्हणजे संथ लय. एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत एवढी जागा, की नवखी मुलगी मध्येच हरवून जाते. त्यातही ठाट हा त्यांचा खास प्रांत. ठाटात नाचणारी जवळजवळ स्थिर उभी असते. एक मनगट वळतं, भुवई हलते, मान जराशी सरकते, आणि लेहऱ्याच्या शेवटाला अगदी थोडक्यात समेवर ठेहराव. पाहणाऱ्याला वाटतं, हिनं काहीच केलं नाही. बाई मला तासन्‌तास एक मनगट वळवायला लावायच्या. पेटीवरून नजर न काढता म्हणायच्या, "लवकर पोचलीस. परत जा." मी परत जायचे. "आता उशीर. सुराच्या मागून फरफटत येऊ नकोस, शेजारून चाल." एखाद्या दिवशी ते जमलं की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसता भाता जरा जोरात मारायच्या. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश असायचे.

द्रुताचं काय? आम्ही विचारायचो की. दुसऱ्या क्लासच्या मुली गॅदरिंगला भरारा चक्कर घ्यायच्या, पायांचा पाऊस पाडायच्या, टाळ्या घ्यायच्या. आम्हाला कधी? बाईंचं उत्तर ठरलेलं. "पाय पिकू देत. पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी विचारलं तरी पुढच्याच वर्षी. फारच हट्ट केला तर त्या तोंडानं बोल म्हणून दाखवायच्या, आणि मग आम्ही गप्प. बाईंची पढंत ज्यानं ऐकली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. ता थेई तत थेई पासून सुरुवात करून दुप्पट, चौपट, आठपट अशा वेगानं त्यांची जीभ धावायची, एकही अक्षर दुसऱ्यावर चढायचं नाही, आणि समेवर अशा येऊन थांबायच्या की जणू चहाचा घोट घ्यायला थांबल्या. तबल्यावर रशीदभाई असायचे. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि संध्याकाळी ते बाईंकडं वाजवायला यायचे. ते मान हलवून म्हणायचे, "बाईकी जबान है का मोटर, मेरेकू अब्बीबी समझ्या नै." आम्ही हसून दमायचो. त्या हसण्यात द्रुताचा विषय मिटून जायचा.

एकदा मंगळवेढ्याजवळच्या एका गावी, शाळेच्या कार्यक्रमाला बाई मला घेऊन गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. मांडवात सगळं गाव. माझ्या आधी पोरांनी सिनेमाच्या गाण्यांवर दणकून नाच केलेला, शिट्ट्या वाजत होत्या. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. मी म्हटलं, "बाई, आज तरी जरा लय वाढवा की." बाई पेटीचा भाता सोडवत होत्या. म्हणाल्या, "घाई हा भित्र्या माणसाचा नाच असतो, अरुणा. तू उभी राहा. बाकीचं लेहरा बघून घेईल." मी उभी राहिले. चंद्रकंस रागातला लेहरा फिरत राहिला, मी एकेक मनगट वळवत राहिले. आधी कुजबुज होती, मग एकदोघं उठून गेले, मग हळूहळू सगळं शांत झालं. नंतर एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पोरी, तू काईच केलं न्हाईस, आन् मला उठता येईना झालं." बाई ऐकत होत्या. परत येताना एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या आणि सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्या आनंदात आहेत. असतीलही.

त्याच सुमाराला सुप्रिया क्लास सोडून गेली. सुप्रिया माझी मैत्रीण, आम्ही दोघी बाईंच्या सर्वांत जुन्या. ती स्टेशनजवळच्या एका नव्या सरांकडं जायला लागली, तिथं पहिल्याच महिन्यात द्रुत सुरू. बाईंनी तिचं नाव टाकलं. "गेली ती घाईची पोर," एवढंच म्हणाल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही सुप्रियाशी बोलणं बंद केलं. रस्त्यात दिसली तर मी समोरच्या दुकानात शिरायचे. बाईंची पट्टशिष्या व्हायचं होतं ना मला. सुप्रिया पुढं पुण्याला गेली, तिचा स्वतःचा ग्रुप झाला, ती परदेशांत नाचून आली. हे सगळं मी मोबाईलवर पाहायचे आणि स्वतःला सांगायचे, हिच्या ठाटात दम नाही. तो नव्हताच. पण ती नाचून पोट भरत होती आणि मी टॉवेलच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांपुढं चादरी उलगडत होते.

बाईंना माझ्याविषयी काय वाटायचं ते त्यांच्या स्वयंपाकघरात कळायचं. दुसऱ्या कुणाला तिथं प्रवेश नव्हता. रविवारी त्या उखळात शेंगाची चटणी कुटायच्या, मिक्सर त्यांना चालायचा नाही, आणि कुटताना तोंडानं लेहरा गुणगुणायच्या. मी लसूण सोलायला बसायचे. "माझं झाल्यावर ही खोली, ही पेटी, ह्या पोरी सगळं तुझं," त्या म्हणायच्या. "विलंबित कुणाच्या तरी पायात राहिली पाहिजे. तुझ्या पायात ती राहील." मला तेव्हा यापेक्षा मोठं काही नको होतं. घरी अम्मानं स्थळं बघायला सुरुवात केली होती. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, थांब, अजून माझं शिकणं पुरं झालेलं नाही.

मग पुण्यातल्या एका मोठ्या नृत्यसंस्थेनं पूर्ण वेळ नर्तकी घ्यायच्या ठरवल्या. राहायची सोय, पगार, वर्षभर कार्यक्रम. तोवर वडिलांचा कारखाना बंद पडला होता, माझी पंचविशी उलटली होती. ही एक संधी होती. ती मिळाली तर नाच हेच माझं काम, नाहीतर चादरी. मी बाईंना नमस्कार करून गेले. त्या म्हणाल्या, "ठाट दाखव. दुसरं काही विचारलं तर म्हणावं, आधी एवढं बघा." 

परीक्षक तिघं होते. लेहरा मोबाईलवर लावलेला. मी ठाट केला. मधोमध बसलेल्या बाई, पिकल्या केसांच्या, पुढं सरकून बसल्या. संपल्यावर त्यांनी शेजारच्यांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "सोलापुरात हे कोण शिकवतंय?" माझे कान गरम झाले. मला वाटलं, झालं, जिंकलं. मग त्या म्हणाल्या, "आता द्रुत घ्या," आणि त्यांनी बोटानं मोबाईलवर लेहऱ्याचा वेग वाढवला.

मी घरी एकटीनं थोडंफार केलेलं होतं, लपूनछपून, बाईंच्या तोंडून ऐकलेले बोल पायांत बसवायचा प्रयत्न करत. जरा वेळ ते निभलं. त्यांनी वेग आणखी वाढवला. कानाला सम ऐकू येत होती, अगदी स्वच्छ, आणि पाय तिच्यापर्यंत पोचत नव्हते. घुंगरांचा नुसता कालवा झाला. मी समेच्या मागं पडले, सावरायला गेले, तर आणखी मागं पडले. त्यांनी लेहरा बंद केला. मग त्याच बाईंनी फार प्रेमानं विचारलं, "तुमच्या गुरूंनी द्रुत घेतलंच नाही का तुमच्याकडून? त्या स्वतः कसं नाचायच्या?" 

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला हे माहीत नाही. इतक्या वर्षांत मी बाईंना द्रुतात नाचताना एकदाही पाहिलं नव्हतं. मी त्यांची जीभ धावताना पाहिली होती. "इतका सुंदर ठाट मी फार दिवसांत पाहिला नाही," त्या बाई म्हणाल्या, "पण अर्ध्या नाचावर आम्हाला कुणाला घेता येत नाही." हे वाक्य मी पुणे ते सोलापूर सोबत आणलं.

स्टेशनवरून मी घरी गेले नाही, बॅग घेऊन थेट बाईंकडं गेले. दुपारची वेळ. त्या फडक्यानं पेटी पुसत बसल्या होत्या. मला बघून हसल्या. पहिला प्रश्न काय, तर "ठाट कसा झाला?"

मी म्हटलं, "बाई, मला द्रुत दाखवा."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोल म्हणायला सुरुवात केली.

"तोंडानं नको. पायांनी दाखवा. थोडंसंच."

"या वयात?"

"मग ज्या वयात दाखवलं असेल, तेव्हा पाहिलेलं एक माणूस सांगा. मी त्याला जाऊन विचारते."

बाईंनी फडकं घडी करून पेटीवर ठेवलं. कारखान्याच्या बाजूच्या खिडक्या तेव्हा उघड्या होत्या. मागांची खडखड आत येत होती. 

"मला येत नव्हतं," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, पायाला काही झालं होतं का? कारण तसं काही असतं तर मी तिथंच त्यांच्या कुशीत शिरून रडले असते. "काही नाही," त्या म्हणाल्या. "मोडला असता तर सांगायला तरी बरं झालं असतं. पाय धडधाकट होते, धावायचे नाहीत. गुरुजींनी दोनेक वर्षं बघितलं आणि एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाले, तू पेटी वाजव, या नाचतील. मग मी पेटी वाजवली. आणि जेवढं येत होतं तेवढंच इतकं केलं, की हिला दुसरं येत नाही असं कुणाच्या मनातसुद्धा येऊ नये."

"मग मला तरी दुसरीकडं पाठवायचं होतं. सुप्रिया गेली तिथं."

"गेली असतीस तर परत आली नसतीस."

असं म्हणून त्या माझ्या पायांकडं बघत राहिल्या, आणि जे मी कधी विचारलं नसतं ते त्यांनी आपणहून सांगितलं. "तू पहिल्या दिवशी आलीस ना, तेव्हाच तुझे पाय पळत होते. मागाच्या घरातली पोर. मी हात ठेवला तर गुडघ्याखाली नुसती धडधड लागत होती. असले पाय मला कधी मिळाले नव्हते, अरुणा. मला वाटलं, माझी विलंबित या पायांवर उभी राहिली तर लोक तिला मानतील. ज्याला धावता येत नाही, त्याच्या सावकाश चालण्याला कोण विचारतं? ज्याला येतं, आणि तरी जो..."

"पण तुम्ही मला धावू कुठं दिलंत?"

"हं," बाई म्हणाल्या. तेवढंच. चुकलं म्हणाल्या नाहीत, आणि मीही त्यांना पाया न पडता बाहेर आले. त्यांना येत नव्हतं याचा मला राग नव्हता. ज्याला जे येतं तेच तो शिकवणार. माझे पाय कसे आहेत हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मला मात्र आयुष्यभर पिकू देत, पिकू देत म्हणून बसवून ठेवलं, हे मला सहन झालं नाही. मी त्यांच्यावर आईहून जास्त विश्वास टाकला होता. त्यांनी माझे पाय स्वतःसाठी ठेवून घेतले.

पुढं मी स्टेशनजवळच्या त्या सरांकडं जाऊन बघितलं. दहा-दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी राहिले. त्या चिमण्यांसारख्या पुढं निघून जायच्या आणि मी गुडघ्याला बर्फ लावत बसायचे. सर सभ्य माणूस. काही दिवसांनी म्हणाले, "ताई, कान तुमचा सोन्याचा आहे. पायांना आता उशीर झाला." मी जाणं बंद केलं.

रशीदभाई एकदा शोरूममध्ये आले, हातात बाईंनी पाठवलेला चटणीचा डबा. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला माहीत होतं?" 

ते खाली बघत म्हणाले, "हौ बेटी. शुरूसे मालूम था." 

"मग सांगितलं का नाही?" 

"बाईका घर, बाईकी क्लास. तबलेवाला क्या बोलता?" 

मी म्हटलं, तबलेवाल्यानंच बोलायचं असतं, लय तुमच्या हातात होती. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि गेले. चटणी अम्मानं खाल्ली. तिला आवडली, आणि त्याचाही मला राग आला.

बाईंना त्यानंतर मी एकदाच पाहिलं, नव्या पेठेत, भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना. त्यांनीही मला पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, पायांकडं. मी मुद्दाम भराभर चालत निघून गेले.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि त्याच आठवड्यात बाई गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. मी अंत्ययात्रेला गेले नाही. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या जुन्या शाळेच्या सभागृहात शोकसभा होती. रशीदभाई घरी आले आणि दारातच म्हणाले, "तू नाचनाच बेटी. दुसरी कौन है?" मी नाही म्हटलं. अम्मा आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "पोयिरा." जाऊन ये. मग मराठीत, त्यांना कळावं म्हणून, "बाईंसाठी नको जाऊ. तुझ्यासाठी जा."

मी गेले, पण मनात एक ठरवून गेले. ठाट करायचाच नाही. सरळ द्रुत मागायचं आणि सगळ्यांसमोर तुटायचं. बघा म्हणावं, ही तुमच्या बाईंची पट्टशिष्या. सुरू होण्याआधी मी रशीदभाईंना सांगून ठेवलं, "चाचा, मी हात वर केला की लय चढवायची. थांबायचं नाही." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "हौ," म्हणाले, "तू दिखा, मैं चढाता."

भाषणं झाली. सगळ्यांच्या तोंडी तेच. बाईंनी बाजारू वेगाला कधी भीक घातली नाही, बाईंनी विलंबिताची तपश्चर्या केली, आजच्या धावपळीच्या जगात बाई ठाम उभ्या राहिल्या. मी विंगेत घुंगरू बांधत ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. सुप्रिया पुण्याहून आली होती, तिसऱ्या रांगेत बसली होती. क्लासमधल्या एका मुलीनं बाईंची पेटी पुढ्यात घेतली. लेहरा सुरू झाला, चंद्रकंस, बाईंच्याच चालीनं, मात्रेमात्रेत तेवढीच जागा ठेवून.

मी मधोमध जाऊन उभी राहिले. लेहरा एकदा फिरून गेला, पुन्हा फिरला. रशीदभाईंची नजर माझ्या हातावर होती. मी हात वर उचलला. तो इशारा करायला निघालेला हात खांद्याच्या उंचीला आला आणि मनगटातून वळायला लागला. मी त्याला वळवलं नाही. सूर ज्या वेगानं जात होता त्या वेगानं तो वळला, शेजारून, पुढं नाही आणि मागं नाही, आणि समेवर येऊन थांबला. रशीदभाईंनी लय चढवली नाही. मग मान, मग भुवई, मग दुसरा हात. मी रागावलेली होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत रागावलेली होते, आणि तो रागसुद्धा विलंबितातच बाहेर पडत होता. माझ्याजवळ दुसरी लयच नव्हती. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

उतरल्यावर त्यांनी मला घेरलं. "डोळे मिटले तर बाईच," एक म्हणाली. "डोळे उघडले तरी बाईच," दुसरी म्हणाली. सुप्रिया गर्दीतून पुढं आली, इतक्या वर्षांनी माझा हात धरला आणि म्हणाली, "अरू, मला हे जन्मात जमणार नाही." ती मनापासून म्हणत होती. मी तिला बरं म्हटलं आणि खाली बसून घुंगरू सोडायला लागले. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी नाचले नव्हते. बाईंना मी माफ केलेलं नाही, आणि त्या नाचातलं माझं किती होतं, हे ज्यांना विचारावं त्या आता नाहीत.